दोन घरांची एक-एक तार

आबा, न्यूट्रलशिवाय, नुसत्या दोन फेजवर वेल्डिंग मशीन चालतं हे तुम्ही मला आधीच सांगायला हवं होतं. मी अजून तेच म्हणतो. विचारलं की तुम्ही म्हणायचात, "बघशील तेव्हा कळेल." दोन वर्षं तुमची मशीनची लोटगाडी ओढली, रॉड दिले, जोडावरची काळी खपली ठोकून काढली, पण मेन तारेकडे हात गेला की फटका. सातवीत शाळा सोडलेल्या पोराला सांगितल्याशिवाय कसं कळणार? तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली तरी हे भांडण माझ्या डोक्यात चालूच आहे, आणि परवा इथं सौदीत ते पुन्हा निघालं.

इथं एकाच भिंतीत दोन तऱ्हेचे प्लग असतात, एकशेदहाचा आणि दोनशेवीसचा. आमचं मशीन दोनशेवीसचं, आणि त्या खोलीत नेमके एकशेदहाचेच. मी बोर्डातून दोन वेगळ्या फेजच्या तारा घेतल्या. केरळचा फोरमन ओरडला, "अरे, न्यूट्रल किधर है?" मी म्हटलं, "साहब, नहीं लगता." मशीन घुमायला लागलं तसा तो बघतच राहिला. "किसने सिखाया?" म्हटलं, "बाप ने." दिवसभर उगाच हसत होतो मी.

एरंडोलजवळच्या त्या खेड्यातली दुपार मला दिसते. केळ्यांनी भरलेल्या ट्रॉलीचा हूक गल्लीतच तुटलाय. सडकेवर ट्रक उभा आहे आणि ड्रायव्हर म्हणतोय, चारला निघणार. माल थोरल्या भावाचा. समोरच्या घरात धाकटा, बांधावरून चार वर्षं बोलणं बंद. थोरल्याच्या घरच्या प्लगवर रॉड नुसता चिकटतोय. व्होल्टेज एवढं पडलंय की पंख्याची पाती मोजता येतात.

"आबा, बठ्ठा माल उनमा तपी ऱ्हायना," थोरला कपाळाला हात लावून म्हणतो.

तुम्ही तारा मशीनच्या चारशेचाळीस व्होल्टच्या खिट्टीवर घेतल्या आणि समोर पाहिलं. "ते घर दुसऱ्या फेजवर असेल. एक तार तुमची, एक त्याची. दोन्ही मिळून जोर येईल."

"तो देवाव नही."

धाकटा ओट्यावर बसून मजाच बघत होता. तुम्ही तार मागितली तर म्हणाला, "तार लई जा आबा. पन त्याले सांगा, बांध देवाव नही!"

तुम्ही दोन घरांच्या दोन तारांमध्ये एकापुढे एक जोडलेले दोन बल्ब लावले. झक्क पेटले. फेज एकच असता तर पेटलेच नसते. ओट्यावरच्या बायका हसल्या, "यासनं लाइटमा बी पटत नही!"

मग दोन्हीकडचे मेन स्विच बंद केलेत. मला वाटलं, आता तुम्ही तारा जोडणार. तर तुम्ही थोरल्याच्या स्विचपुढे जाऊन उभे राहिलात, धाकट्यालाही त्याच्या स्विचपाशी उभं केलंत. "तारा तू जोड. हा थोरला घाईचा माणूस आहे, तुझे हात तारेत असताना स्विच टाकायचा. मी इथून हलत नाही."

मी तारा पिळल्या, आवळल्या, ओढून पाहिल्या, परत आवळल्या. झालं म्हणालो. तेवढ्यात धाकट्यानं घरातून हाक दिली, "टाकू का रे भाऊ?" चार वर्षांतली पहिली हाक होती ती. थोरला केवढ्यांदा ओरडला, "टाक, टाक!" दोन्हीकडचे स्विच पडले. मी गाडीवरचा खटका टाकला आणि मशीन असं घुमलं की गल्लीतली कुत्री पळाली. हूक तुम्हीच जोडलात. ट्रॉली निघाली तेव्हा धाकटा मागून रेटा देत होता, आणि थोरला त्याला म्हणत होता, "हळू, केळं शेतंस ती!"

परत येताना तुम्ही विचारलंत, "खटका टाकताना डोळे उघडे होते ना?" मी हो म्हणालो. तुम्ही गाडी थांबवून भजी घेतलीत, आणि दुसऱ्या दिवसापासून मेन तार माझ्याकडे दिलीत.

गच्च मिटले होते, आबा.

हे पत्र टाकणार तरी कुठं, गादीखालीच राहील. पण खरं लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. मायला तीन हजार पाठवतो असं इथं माझ्यासोबत राहणाऱ्या सगळ्यांना सांगितलंय. अठ्ठावीसशे पाठवतोय.