होळीआधी बदललेली कुंडी

भांडगाव,
१९ जानेवारी १९९९

सुषाताई,

दाजींना नमस्कार, वैष्णवीला पापा. इकडं सगळं बरं हाय हे वाक्य पत्रात पहिलं लिहायचं असतं, तर ते मी लिहिलंय असं धर आन् पुढं वाच. फोन केला असता, पण एसटीडी बूथवरचा बन्सी काचेपलीकडनं तोंडाकडं बघत बसतो. संध्याकाळपर्यंत अख्ख्या भांडगावाला आपल्या घरातलं कळतं.

नर्सरी चाललीय. हायवेवर गाड्या थांबतात, पुण्याच्या बायका गुलाब नेतात, कढीपत्ता नेतात, आन् जाताना एक तुळस फुकट मागतात. आईचे गुडघे दुखतात. माझं टी.वाय. एकदाचं निघालं. कथा लिहितो, कुणी छापत न्हाई.

गेल्या रविवारी पुण्यात बोन्सायचं प्रदर्शन झालं. आपला वड नेला होता. राहू गावच्या मामाच्या विहिरीतला. तू तिसरीत असताना आप्पा तुला खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरले आन् भिंतीतनं काढला, तोच. परातीएवढ्या कुंडीत आता म्हाताऱ्यागत दिसतो. पारंब्या बी आल्यात.

नंबर आला न्हाई.

आप्पांचा नियम तुला पाठ हाय. आधी प्रदर्शन, मग होळी, मग कुंडी. थंडीत मुळाला कात्री लावली तर नवं मूळ फुटत न्हाई, झाड जातं. पुण्याच्या बायकांना डिसेंबरातच नवी कुंडी हवी असायची, शो चांगला दिसतो म्हणून. आप्पा त्यांना तोंडावर म्हणायचे, "झाडाला नटवायचं का जगवायचं, ते घरनं ठरवून या."

त्याच आप्पांनी डिसेंबरात वड उपसला, मुळं छाटली आन् नव्या कुंडीत बसवला. मला वाटलं, काही नवीन प्रयोग असंल. आठवड्यानं परत तेच. नवी माती झाडून टाकली, उरलेली मुळं छाटली. आई बोलली तर तिच्यावरच उसळले, मी हातच लावला न्हाई म्हणून. मी कात्री लपवली. तर त्यांनी विळा घेतला.

वडाचं असं असतं की खाली मुळं नसली तरी वरची पानं काही आठवडे हिरवी राहतात. खोडात असंल तेवढ्यावर तो तगतो. बघणाऱ्याला काहीच कळत न्हाई. मला कळलं होतं, तरी नेला. आप्पा सकाळीच दाढी करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसले होते. त्यांना काय सांगणार.

हॉलात परीक्षक बाई आल्या. वयस्कर, रेशमी साडी. झाड किती वर्षांचं, असं त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, "आमची सुषी तिसरीत व्हती तवाचं."

ताई, तुझं नाव. घरात काढायचं न्हाई असा हुकूम होता, ते नाव भर हॉलात.

मग म्हणाले, होळी झाली, आता कुंडी बदलू. आन् मी पुढं व्हायच्या आत त्यांनी वड कुंडीतनं उचलला आन् बाईंच्या हातात दिला. "सुषे, नीट धर. मुळाला वारं लागू देऊ नको."

बाईंनी धरला. साडीवर माती सांडली तरी धरून उभ्या राहिल्या. खाली पांढरं मूळ एक न्हाई, नुसती काळी खुटं. त्यांनी खाली बघितलं, मग आप्पांकडं, मग माझ्याकडं. आन् हळूच म्हणाल्या, "धरलंय. तुम्ही करा सावकाश."

त्या बाईंमुळं हे पत्र लिहितोय.

दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हे बरं होणारं न्हाई, एकेक आठवण पुसत जाणार. अलीकडचं आधी जातं. म्हंजी तुझं कोर्टातलं लग्न गेलं. दाजी दुसऱ्या जातीचे, हे गेलं. तू जिवंत असताना भीमेवर डोकं भादरून तुझा दहावा घातला, ते बी गेलं. रोज सकाळी हायवेकडं तोंड करून बाजेवर बसतात आन् विचारतात, "सुषी कवा येणार?" मी सांगतो, यष्टी लेट हाय. त्यांना पटतं.

म्हणून म्हणतो, ये.

आई नको म्हणते. "जित्या पोरीचं पिंड ठेवलं ह्यांनी, आन् आता हाका मारत्यात. तिनं जाब कुणाला विचारायचा?" तिचं खरं हाय. ज्यानं तुझं पिंड ठेवलं तो तुला हितं भेटणार न्हाई. तुला खांद्यावर घेऊन विहिरीत उतरला तो तेवढा राहिलाय, आन् तो बी किती दिवस कुणास ठाऊक. राग विसरलेत, नाव विसरले न्हाईत. होळीची वाट बघू नको.

२ फेब्रुवारी

पत्र टाकलं न्हाई. तिचा संसार चाललाय, चालू दे, असं म्हणून आईनं पाकीट तांदळाच्या डब्यात ठेवलं. मी बी काढलं न्हाई.

वडाची पानं झडली, सगळी एकदमच. आप्पा रोज त्याला पाणी घालतात.

आज सकाळी ते बाजेवर बसले, च्या घेतला, गाड्या बघितल्या. तुझं विचारलं न्हाई. ऊन अंगावर येईपर्यंत मी शेजारी थांबलो. शेवटी मीच म्हणालो, "आप्पा, सुषी येणार हाय."

माझ्याकडं बघून हसले. "येऊ द्या की. पाव्हणं आलं की च्या ठेवायला सांगा आत."

आई दारातच उभी होती. आत गेली आन् डब्यातनं पाकीट आणून माझ्या हातात दिलं. ते फोडून खाली हे लिहितोय.

ये म्हणू का नको म्हणू, आता मला कळत न्हाई. आलीस तर च्या मिळंल, पाव्हणीला मिळतो तसा. वैष्णवीला आण. मी फाट्यावर उभा असंन.

या घरात तुझं नाव घेणारा,
रविराज