बुटातलं बिस्किट

वर्कुम, ७ डिसेंबर

ती. वित्स्केताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्रच लिहितो. ताई, थंडी येतेय! सकाळी कालव्याच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरला होता. मी लगेच स्केट्स धार लावायला टाकले. नाताळानंतर बर्फ पक्का झाला की तू झ्वोलेहून तडक निघून ये. दरवेळेसारखे हातात हात घालून कालव्यावरून हिंडेलोपेन गाठू. आधी जो दमेल त्याच्याकडून वाटाण्याचं सूप. पैसे आणायला विसरू नकोस!

परवा सिंटरक्लास झाला, रात्री घोड्यावरून येऊन बुटांत खाऊ ठेवणाऱ्या संताचा सण. फेंके आता पाच वर्षांची झाली, त्यामुळे घरात नातीचंच राज्य. शेगडीपाशी सगळ्यांचे बूट मांडले, तर आजोबांचाही हवाच म्हणून हटून बसली. मग संताच्या घोड्यासाठी गाजर घालून माझा रोजचा बूट ठेवला. सकाळी बघतो तर त्यात माझ्या नावाचं चॉकलेटचं अक्षर! मधुमेहवाल्याला! ते सुनेला देऊन टाकलं, उगाच डोळे वटारू नकोस. मग बूट चढवून दिवसभर गावात हिंडलो. संध्याकाळी मोज्याला जरा रक्त दिसलं. बुटाच्या टोकाशी एक पेपरनोट अडकलं होतं, तेच आपलं मसाल्याचं टणक बिस्किट. चॉकलेट काढलं म्हणजे बूट रिकामा झाला, असंच मी धरून चाललो. दुखलं मुळीच नाही, तेव्हा काळजी नसावी. पट्टी लावली आहे.

लोभ आहेच, बर्फ धरेपर्यंत तो वाढू दे.
तुझा हिद्दे

झ्वोले, ९ डिसेंबर

चि. हिद्देस,
अ. उ. आ. (दात-ओठ खाऊन देते आहे.)

दुखलं नाही म्हणून काळजी नसावी, असं तू लिहितोस! अरे गाढवा, दुखलं नाही हीच तर काळजी. साखरेनं तुझ्या तळव्यांची जाणीव गेली आहे. बूट घालण्याआधी आत हात फिरवतो, आरशात तळवे बघतो, असं वर्षभर मला मिरवून सांगत होतास. नेमका सणाच्या दिवशीच हात रजेवर गेला का?

बाबांची जखमही अशीच एवढीशी होती, अंगठ्याखाली. त्यांनाही दुखलं नव्हतं. त्याच पायावर स्केट बांधून ते बर्फावर गेले आणि वसंतात गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. मला भीती वाटते रे. फार वाटते.

हे पत्र खाली ठेव आणि पायाच्या नर्सकडे जा. पाय गरम पाण्यात बुडवून बसू नकोस, कडेची कातडी कापत बसू नकोस. हिंडेलोपेनला जायची हाव मलाही सुटली आहे, तरी सांगते.

रागावले तरी माया तीच, हे ध्यानात ठेव.
वित्स्के

वर्कुम, ९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, बर्फ धरला! बर्फ पक्का झाल्याचा स्केटिंग क्लबचा झेंडा वर चढला, शाळेला सुट्टी, बेकरीवाला डाउवे दुकानाला कुलूप लावून कालव्यावर! अख्खं गाव खिडकीखालून सुसाट चाललंय. आणि मी? अंगठ्यावर भार न येऊ देणारा तो बेढब मऊ जोडा घालून आत. सिस्टर बाउक्येनं मला आधी झाडलं, मग मलमपट्टी केली. जखम पुष्कळ आकसली आहे. वाटाण्याएवढी होती, आता मसुरीएवढी असेल.

काल स्केट्स मांडीवर घेऊन बसलो. खोटं कशाला बोलू, चांगल्या पायात एक चढवलासुद्धा. फक्त पुलापर्यंत जाऊन आलो तर? हळूच? असा बर्फ पुन्हा कधी धरेल, आणि तेव्हा मी असेन का? तू हो म्हण, म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटेल.

उत्तर धाड, आणि जरा मऊ धाड.
हिद्दे

झ्वोले, ११ जानेवारी

हिद्दे,
नाही. बाबाही पुलापर्यंतच गेले होते.
वित्स्के

वर्कुम, २० जानेवारी

ती. ताईस सा. न.

भरली! ताई, जखम भरली! बाउक्येनं दाबून पाहिलं, दिव्याखाली पाहिलं, शेजारच्या खोलीतून दोघींना बोलावून दाखवलं. मी कोवळ्या नवऱ्या मुलासारखा लाजलो. आता रोजचे बूट चालतील म्हणाली. स्केट्सचा कडक बूट एवढ्यात नाही, पुढच्या हिवाळ्यात बघू म्हणाली.

बाहेर आलो तर पाऊस! कालव्यात पाणीच पाणी, झेंडा उतरवलेला, गावाचं तोंड सुतकात असल्यासारखं. आणि मी एकटा भर पावसात दात काढून हसतोय. डाउवेनं विचारलं, हिद्दे, तुला वेड लागलं का? मी म्हटलं, लागलं, आणि त्याला चक्क मिठी मारली.

तुझ्या त्या पाच शब्दांवर मी दोन दिवस चिडलो होतो. मग स्केट्स माळ्यावर टाकले.

घरी येऊन बूट दाराशी काढून ठेवले आणि कोट न काढताच त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. लहानपणी त्याच दाराशी बाबांचा एकच बूट असायचा, आणि आई दर रविवारी तो पुसायची. आज तिथे दोन आहेत, ताई.

अशीच रागावत राहा.
तुझा हिद्दे