मुख्याध्यापिका नसतानाची शाळा

चाकूर, शनिवार

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी धाकट्या सुकन्याचा शरणार्थ.

तुमचा गुडघा आणि तुमची भोकरची शाळा, दोन्ही बरं चाललंय ना? मुख्याध्यापकाला आजारी पडायलाही सवड नसते, हे मी तुम्हाला काय सांगावं.

पन्नाशीला टेकलेली बहीण पीएच.डी. करतेय म्हटल्यावर तुम्ही हसला होता. ते हसणं थोडं राखून ठेवा. विषय तुम्हाला ठाऊक आहे : मुख्याध्यापकाच्या नेतृत्वाचा शाळेवर होणारा परिणाम. नांदेडच्या माझ्या मार्गदर्शक विशाखा मॅडम (माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आम्ही एकमेकींना मॅडम म्हणतो, त्यामुळे कोण कुणाला शिकवतंय हे बाहेरच्याला कळत नाही) यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, तुम्ही नसता तेव्हा शाळेत काय होतं? अकरा वर्षं मुख्याध्यापिका असून मला उत्तर देता येईना. मी नसते तेव्हा मी तिथं नसते, मला कसं कळणार?

कोर्सवर्कसाठी पंधरा दिवस नांदेडला राहायचंच होतं. गणिताच्या शिवप्रसाद सरांकडे चार्ज दिला आणि सोबत एक वही दिली : उशिरा येणारी मुलं किती आणि पहिला तास कधी सुरू झाला, एवढंच रोज लिहायचं. खरं सांगते, शाळा कोलमडावी अशी माझी इच्छा नव्हती, पण थोडी डगमगावी एवढी अपेक्षा होती. (प्रबंधात ते बरं दिसलं असतं.) रोज मधल्या सुट्टीत फोन करायची. सर म्हणायचे, "काही अडचण न्हाई, मॅडम." सलग सात दिवस अडचण नाही म्हटल्यावर मला संशय आला.

आठव्या दिवशी मला तास नव्हता. पहाटेची एसटी धरून चाकूरला आले आणि तोंडाला स्कार्फ बांधून शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. साडेदहाला घंटा झाली. फाटकाबाहेर एक पोर दिसेना. वाटलं, मुलं यायचीच बंद झाली. तेवढ्यात आतून प्रार्थना ऐकू आली, चांगली चारशे गळ्यांची. सगळी आधीच आत होती. प्रार्थना संपली आणि मुलं सरळ वर्गात गेली.

आमच्या शिपाई पार्वतीबाई फाटक लावायला आल्या. म्हणाल्या, "मॅडम, उन्हात कशाला उभ्या राहिलात? आत या की." (स्कार्फचा उपयोग ऊन लागू नये इतकाच झाला.) मी विचारलं, पोरं वेळेवर कशी यायला लागलीत? त्या आवाज खाली आणून म्हणाल्या,

"रागावू नका. तुमचं भाषण चुकवायला लई पोरं मुद्दाम उशिरा यायची. तिकडं लिंबाखाली बसायची, माइक बंद झाला की यायची. आता भाषणच न्हाई, तर बाहेर बसून काय करतील?"

अण्णा, माझं ते भाषण वक्तशीरपणावर असायचं. उशिरा येणारी वाढली म्हणून मी ते दर आठवड्याला थोडं वाढवत होते.

आधी रडू आलं. पण परतीच्या एसटीत बसले आणि रडण्यापेक्षा कुतूहलच जास्त झालं. सोमवारची माझी बैठक कशासाठी असते? मी व्हरांड्यातून फेरी मारते, तेव्हा वर्गात काय थांबतं? नांदेड येईपर्यंत डायरीची चार पानं भरली. मी प्रश्न विचारायला इतक्या वर्षांनी बसले, उत्तरं आजवर नुसती देत होते.

परत आल्यावर पहिल्या दिवशी माइक हातात घेतला आणि "वर्गात जा" एवढंच म्हणाले. कुणी हलेना. नववीची अंबिका मधल्या सुट्टीत येऊन विचारून गेली, "मॅडम, तब्येत बरी न्हाई का?"

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
सुकन्या

ता. क. : विशाखा मॅडम म्हणतात, एका शाळेवरून काही ठरवता येत नाही. दुसरी एक शाळा हवी, जिथले मुख्याध्यापक परिपाठाला भरपूर बोलतात आणि पंधरा दिवस लांब राहू शकतात. मला दुसरं नाव सुचलं नाही. रजा घ्याल का? तुम्ही नसताना शाळेचं काही बिघडणार नाही. (हे धीर द्यायला लिहिलं होतं, वाचताना तसं वाटत नाही.)

ता. क. २ : घाई नाही, सावकाश विचार करून कळवा. वहिनींना मात्र मी कालच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, रजा खुशाल घेऊ द्या, पण ते पंधरा दिवस ह्यांना घरी ठेवू नका. तुमची बॅग भरून झालीय.