एक जून ते ट्रॉम्सो

६ ऑगस्ट
पुण्याला डोळ्याचे डॉ. यंत्रात डोकं घालायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं पैकीच्या पैकी. डॉ.नी कागद पुढे केला तर कडेनं सगळं काळं. काचबिंदू सरकलाय. गेलेलं परत येत नाही, थेंब टाकून उरलेलं राखायचं. अंधारात आधी जाणवेल म्हणाले. मी विचारलं, अरोरा बघायला जायचंय, कधी जाऊ? आधी हसले, मग हसायचे थांबले. "या हिवाळ्यात जा, बाई. पुढच्याचं मी सांगू शकत नाही."

किती वर्षं सातवीच्या पोरांना ध्रुवीय प्रकाश शिकवला. पार उत्तरेला, हिवाळ्यात, आकाशात हिरवे पडदे हलतात, सूर्याकडून कण येतात इ. इ. फळ्यावर हिरव्या खडूनं काढून दाखवायची. स्वतः कधी पाहिला नाही. ३१ मेला निवृत्त झाले तेव्हाच नॉर्वेचं ठरवलं होतं, सावकाश केव्हातरी म्हणून. आता सावकाश नाही.

गाडीत ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मला महाबळेश्वर सोसत नाही, तू ध्रुवावर नेतेस." वर आणखी, "मोबाईलवर दिसतं की सगळं." कापूरहोळ येईपर्यंत मी मनातल्या मनात खर्चाचा हिशेब केला.

१२ ऑगस्ट
हिर्डोशीला गेले. एसटी एक तास उशिरा. हौसा गुडघाभर चिखलात, शेवटचं वावर लावत होती. चौथीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो. मी पुढे शिकले, भोरला दिली, मास्तरीण झाले. ती गावातच राहिली. गुरुजींनी आम्हाला चौथीत त्या उजेडाची गोष्ट सांगितली होती, तेव्हा वर्गात उभी राहून ही म्हणाली होती, "खोटं हाय. म्या बघितल्याबिगर मानायची न्हाई." गुरुजींनी छडी मारली. तरी मानलं नाही.

बांधावरूनच म्हटलं, हौसे, चल, बघायला जाऊ. खर्चाचं माझं मी बघितलंय, तो विषय काढायचा नाही.
"किती दिस?"
"नऊ."
"म्हशीचं कोण बघंल?" मग दोन मुठी रोप लावून झाल्यावर, "गुरुजी आसतं तर बरं झालं आसतं. छडीचा हिशेब ऱ्हायलाय."
म्हणजे येतेय. डोळ्यांचं सांगितलं नाही. सांगितलं की ती माझी कीव करणार, आणि हौसानं केलेली कीव मला झेपणार नाही.

२२ ऑगस्ट
टूरवाल्या मुलीशी बोलले. फेब्रुवारीची तुकडी, नॉर्वेतलं ट्रॉम्सो, दोन जागा धरून ठेवते म्हणाली. यंदा सूर्य जोरात आहे, म्हणून अरोराही, मग काही वर्षं उतरता, हेही तिनंच सांगितलं. जसं काही मला माहीत नाही. दोन्ही पासपोर्ट २० डिसेंबरच्या आत हातात हवेत. माझा आहे. हौसाचा काढायचा.

कागद मागवले. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. शाळेच्या दाखल्यावर १ जून. दोन्ही धादांत खोट्या. आधारवाल्याला नुसतं साल सांगितलं, त्यानं जानेवारी टाकला. आणि जून तर आमच्याकडे सगळ्यांचाच. शाळा जूनमध्ये उघडते, पोराचं वय भरलं पाहिजे, घरी तारीख कुणाला ठाऊक नाही, म्हणून गुरुजींनी लिहिलं एक जून. माझीही तीच. खरी दिवाळीतली आहे. त्या एक जूननं मला पाच महिने आधी घरी बसवलं. हे म्हणाले, "फॉर्म भरताना मला दाखव." बरं म्हटलं.

४ सप्टेंबर
गौरी गेल्या, आज मोकळी. हौसाला घेऊन वेल्ह्याकडून गुंजवण्याला. तिथे तिची आत्या, वय नव्वदीच्या पुढे, कान गेलेत पण आठवण शाबूत. मी ओरडून विचारलं, हौसा कधीची?
"नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी. लावणी चालली व्हती. तिची आय वावरातनंच घरी आली, आन् सांजच्याला ही."
"साल?"
"त्या वर्सी थंडीत जमीन हालली न्हाई का, कोयनेची. ही पाळण्यात व्हती. पाळणा आपसूक हालला म्हनून आमी समदी भ्यालो."

कोयनेचा भूकंप, म्हणजे १९६७! घरी येऊन जुनं पंचांग शोधलं, तारीख निघाली. ऑगस्टचा दुसरा आठवडा. म्हणजे १२ तारखेला ही चिखलात उभी होती तेव्हा नुकताच वाढदिवस होऊन गेला होता. फोन केला. तारीख सांगितली. मग म्हणाली, "परत सांग." तीनदा सांगून घेतली.

१८ सप्टेंबर
फॉर्म भरला. जन्मतारखेच्या चौकटीत खरी तारीख टाकली. आयुष्यभर खोटी तारीख वागवणाऱ्या बाईच्या एका तरी कागदावर खरं असू दे. ह्यांना दाखवला नाही. दाखवायचा काय, मला लिहिता येत नाही का?

९ ऑक्टोबर
मूर्ख. मूर्ख. मूर्ख. मी.

हौसा, तिचा संतोष आणि मी, संतोषच्या टेम्पोतून पुण्याला, पहाटे निघून. पासपोर्टच्या खिडकीतली मुलगी सभ्य होती, तिचा काही दोष नाही. फॉर्मात एक तारीख, आधारवर दुसरी, दाखल्यावर तिसरी. "मॅडम, यातली खरी कुठली?" मी तिला आत्या, लावणी, भूकंप, सगळं सांगितलं. मागची रांग ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "याचा काही पुरावा?" आत्या, म्हटलं. तिनं शिक्का मारून परत पाठवलं.

परतीत संतोष बडबडत होता, "मावशी, आईला ह्या वयात कशाला? थंडीत आखडून मरंल." हौसा खिडकीशी बसली होती. कापूरहोळच्या पुढे म्हणाली, "तारीख मातुर खरी हाय न्हवं?" हो म्हटलं. "मग झालं."
झालं काय! काहीच झालं नाही.

ह्यांना सांगावंच लागलं. ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. "तीस वर्षं कोर्टात टेबल सांभाळलं मी. कागदाला खरं लागत नाही गं, जुळतं लागतं. एक जून धर, आधार त्याप्रमाणे करून घे, पुन्हा अर्ज टाक." मी उठून हौसाचा दाखला पुन्हा काढला.

१५ ऑक्टोबर
दाखल्यावरचं नाव पुसट, नवी प्रत हवी. हिर्डोशीच्या शाळेत. हेडमास्तर नवीन पोरगा, माझ्या पाया पडला, कपाटातून जनरल रजिस्टरं काढून दिली. हौसाचं पान सापडलं, वाळवीनं कड खाल्लेली पण नाव शाबूत.

मग पुढची रजिस्टरं उगाच चाळली. पहिली काही वर्षं मी याच शाळेवर होते. एक पान. सतरा पोरं, सतराच्या सतरा एक जून. अक्षर माझं. वळणदार, सगळे आकडे एका रेषेत. आया दारात उभ्या राहून सांगायच्या, "पोळ्याला झाला," "बाई, जत्रंच्या आदल्या दिशी." मी ऐकून घ्यायची आणि एक जून लिहायची. खिडकीतल्या मुलीवर मनातल्या मनात किती चिडले होते. लाज वाटली. प्रत घेऊन आले.

३० ऑक्टोबर
आधार केंद्र. हौसाचे ठसे उठत नाहीत. बोटं घासून गेलीत, कोयता, रोपं, शेण, राख. पोरगा म्हणतो, "आजी, बोट पुसा." पुसलं. "दाबा." दाबलं. "नाही येत." खोबरेल लावून पाहिलं, लिंबू लावून पाहिलं. अकराव्यांदा यंत्र हिरवं झालं. हौसा म्हणाली, "ह्यो बघ, हिरवा उजेड. झाला बघून. चल घरी."
मला हसू आलं नाही. व्हिसालाही ठसे लागतात.
उद्यापासून भात काढणी, पंधरा दिवस ती कुठेही येणार नाही म्हणून निक्षून सांगितलंय.

१६ नोव्हेंबर
हिर्डोशीला राहिले. संध्याकाळी अंधार पडल्यावर अंगणात निघाले, आकाशात चंद्र नव्हता, म्हटलं डोळ्यांची परीक्षा घेऊ. उजवीकडचा पाण्याचा हंडा दिसलाच नाही. दणकन पाय. हंडा पालथा, मी त्याच्यावर.

हौसा धावत आली. उठवलं. मग माझ्या डाव्या बाजूला बोट उभं धरलं, मग उजव्या बाजूला. उजवीकडचं मला कळलं नाही.
"कवापसनं?"
सांगितलं. डॉ., कागद, काळी कड. वर बघ म्हणाली. बघितलं. ठळक तेवढ्या चांदण्या दिसल्या.
"धरणाच्या वरच्या अंगाला बारीक बारीक पसरल्यात, त्या?"
नाही म्हटलं.
कीव केली नाही. चिडली. "आन् म्या हितं म्हशीचं रडगाणं गात बसले! आधी सांगायला तुजं तोंड शिवलं व्हतं?" ओला परकर पिळत होते तोवर तिची बडबड चालू होती. मीही रडून घेतलं, त्या गडबडीत चालून गेलं.

२३ नोव्हेंबर
आता नवं खूळ, तिचंच. म्हणते, फिकं आसंल ते तुला दिसायचं न्हाई, ते म्या सांगीन. ठीक. मग सराव कर म्हटलं. रोज संध्याकाळी फोन करायचा, अंगणातून दिसतं ते सांगायचं.

आजचा फोन:
"काय दिसतंय?"
"आभाळ."
"कसं आहे?"
"हाय की. चमाकतंय."
"कसं चमकतंय?"
"आता कसं म्हंजी? चांदन्या चमाकत्यात तसं."
नॉर्वेपर्यंत जाऊन हे ऐकायचं मी!

२८ नोव्हेंबर
चमाकतंय. लई चमाकतंय. आज नवीन शब्द: "झ्याक." निबंधाच्या वहीत असं लिहिलं असतं तर दोन मार्क दिले असते. कशासारखं दिसतं ते सांग, म्हटलं. म्हणाली, "त्येच्यासारखंच." फोन आपटला. मग लगेच परत केला, कारण तिचं काय चुकलं?

३ डिसेंबर
पासपोर्टची दुसरी खेप. आधारवर १ जून, दाखल्यावर १ जून, फॉर्मात १ जून. फॉर्म ह्यांनी भरला, मी शेजारी तोंड बंद करून. खिडकीत मुलगी वेगळी. पंधरा मिनिटांत बाहेर. हौसानं रस्ताभर भेळ खाल्ली.
आता फक्त पोलिसांची चौकशी. टूरवालीला कळवलं. म्हणाली, "काकू, वीस तारखेपर्यंतच हं."

१० डिसेंबर
काल टेबलाचा कोपरा लागला. ह्यांनी टेबल गुपचूप भिंतीला सरकवलं.  
चौकशीला कुणी फिरकलं नाही अजून.

१३ डिसेंबर
आज हवालदार हिर्डोशीला येऊन गेला. संतोषचा फोन, आवाज पडलेला. सगळं नीट चाललं होतं. नाव, गाव, किती वर्षं इथे राहता, दोन शेजाऱ्यांच्या सह्या. मग त्यानं विचारलं, जन्मतारीख?
हौसा म्हणाली, "कागदावर एक जून हाय, साहेब. पर खरी श्रावनातली. माज्या मैत्रिनीनं काढून दिलीया." आणि तारीख, सालासकट, घडाघडा.
"मग काय केलं त्यानं?"
"हसला. चहा पिला. वहीत कायतरी लिवलं आन् गेला."
"काय लिहिलं?"
"ते कसं बघनार, मावशी?"

हे म्हणतात, काही होणार नाही, असली माणसं रोज बघतात ते. लगेच पुढे म्हणतात, पण लिहिलं असेल तर गेलं. म्हणजे मी काय समजायचं? डोकं बधिर झालंय. सात दिवस राहिले.

हौसाला फोन लावला, साडेसहाचा, नेहमीच्या वेळेचा, पण आज सराव नाही, आज मी भांडणार होते. भांडले. कशाला बोललीस? एवढं शिकवून, एवढं फिरून, एका वाक्यात सगळ्याची माती केलीस! तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आठ्ठावन वर्सांनी गावली ती. इचारल्याव दडवू व्हय?"

 मीच शोधून दिलेली.  तिच्याकडून कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत होतं. फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाली, "थांब. हितं बघ."
"मला कुठलं दिसतंय हौसे, भोरात बसून?"
"मंग ऐक. धरनावरनं धुकं चढलंय, पार घाटाच्या रस्त्यापातूर. वरनं गाडी आली का धुक्याव उजेड पडतुया. गाडी वळली का त्यो उजेड सरकतुया, हळूहळू. दांडीव वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यानं हालावं तसं. खालती दाट हाय, वरती इरळ व्हत जातंय. आता गाडी वळनाआड गेली. ग्येलं. न्हाई, थांब, दुसरी आली. आता दोन लुगडी."

मी डोळे मिटून बसले होते. फळ्यावर इतकी वर्षं खडूनं हिरवा पडदा काढला, तो एकदाही हलला नव्हता. आज हलला.
विचारलं, "आणि रंग?"
"रंग हितं कुठला गं? पांढराच हाय. रंगाचं तिकडं गेल्याव सांगीन," म्हणाली आणि फोन ठेवला. म्हशीची धार काढायची राहिली होती.