पिट उर्फ निरीक्षणगर्त

३० नोव्हेंबर, रविवार
आजपासून गाडीची सगळी कामं घरच्या घरी. निर्णय पक्का. कारण वैयक्तिक नाही. काल चौक गावी तालिबच्या गॅरेजात मी बोनेटमध्ये नुसता डोकावलो, तर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "सर, तुम्ही सावलीत बसा. कशाला हात लावू नका, गेल्या वेळचं अजून निस्तरतोय." ह्या तालिबला मी दहावीत संस्कृतात, पाच ग्रेसचे धरून, पस्तीस दिले होते.
घराला गॅरेज आहे. मला डोकं आहे. राहता राहिली हत्यारं.
संध्याला सांगितलं. म्हणाली, "बरं." सव्वीस वर्षांच्या संसारात तिचं "बरं" मी संमती म्हणूनच धरत आलोय.

७ डिसेंबर
गाडीखाली उभं राहून काम करायला खड्डा लागतो. मेकॅनिक लोक त्याला पिट म्हणतात. मी निरीक्षणगर्त म्हणणार.
वाडीवरच्या कमळ्याने दिवसभरात खणून दिला. वर आला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, ह्ये आज्याच्या टायमाला भातखाचर व्हतं. जानेवारीत उन्हाळी भाताला कालव्याचं पानी सुटलं का हितं वर येतं."
समजावलं, की कालवा अर्धा किलोमीटर लांब आहे, मध्ये डांबरी रस्ता आहे, शिवाय तळाला मी सिमेंट घालणार आहे. म्हणाला, "पान्याला कुठं रस्ता लागतो, मास्तर?"
शिक्षणाचा अभाव. दुसरं काय.

२१ डिसेंबर
बेंच बसवलं. त्यावर व्हाइस, म्हणजे वस्तू पकडून ठेवणारा लोखंडी जबडा. एकदा धरलं की हातोडीने मारा, सोडणार नाही. कार्यशाळेचं भूषण.
हत्यारांच्या चोवीस डब्यांना संस्कृत लेबलं लावली. ह्रस्वकील, दीर्घकील, वलय, प्रकीर्ण इत्यादी. आता कुठलीही वस्तू एका मिनिटात हातात.
संध्याने स्क्रूड्रायव्हर मागितला. अर्ध्या तासाने 'प्रकीर्ण'मध्ये सापडला. बरंचसं तिथेच आहे.
इथल्या साप्ताहिकासाठी 'गृहस्थ आणि गॅरेज' ह्या लेखमालेचे तीन भाग लिहून ठेवले. चौथ्यात प्रत्यक्ष गाडी येईल.

२८ डिसेंबर
संध्याला माघी गणपतीची ऑर्डर मिळाली. खोपोलीच्या एका सोसायटीला तीनशे एक उकडीचे मोदक, २२ जानेवारी, सकाळी साडेनऊच्या आत. आजवर आळीत एकवीस-एकवीस करून देत होती. हे जमलं तर सोसायटीची दर संकष्टी तिच्याकडे. कॅलेंडरवर तारखेला लाल गोल केला. मग त्याच्याभोवती आणखी एक.
"अहो, गाडी तालिबला दाखवून आणा. ऑइल बदलायचं झालंय."
म्हटलं, मीच बदलतो. शब्द देतो.
"शब्द तुमच्याकडे ढीगभर आहेत. गाडी द्या."

९ जानेवारी
गर्ताच्या तळाशी ओल. दव असावं.

११ जानेवारी
दव घोट्यापर्यंत आलं.
पंप लावून उपसलं. चहा घेऊन आलो तर होतं तेवढं. कमळ्याने जाता जाता कुंपणावरून विचारलं, "आलं का?" काय, ते मी विचारलं नाही.
गमबूट आणले.

१८ जानेवारी, रविवार
गाडी गर्तावर. मी गर्तात. पाणी गुडघ्यापर्यंत, आत्मविश्वास त्याहून वर.
इंजिनाच्या तळाचा ड्रेन नट उघडला. ऑइल धरायला ठेवलेला ट्रे तरंगत एका बाजूला गेला. ऑइल दुसऱ्या बाजूला पडलं. नट माझ्या हातातून सरळ तळाला.
नटाशिवाय ऑइल भरता येत नाही. ऑइलशिवाय गाडी चालत नाही. तर्काच्या दृष्टीने परिस्थिती अगदी स्वच्छ आहे. पाणी नाही.
नवा नट चौकला मिळेल. पण चौकला तालिब आहे. सबब, जाणार नाही.

२० जानेवारी
सुतळीला लोहचुंबक बांधून शोधमोहीम. मिळालं ते असं: दोन पाने, एक कालथा, एक खेकडा. पैकी खेकडा चुंबकाला नाही, माझ्या अंगठ्याला चिकटला.
संध्या नारळ खवत होती. "गाडी?" म्हटलं, काम अंतिम टप्प्यात. खवणी थांबली. ते मला आवडलं नाही.

२१ जानेवारी, सायंकाळी
संध्याने परस्पर तालिबला फोन केला. भिंतीपलीकडून ऐकू आलं. "सकाळी टेंपो आण रे. आणि हे बघ, सरांना काही बोलू नकोस."
जेवण गेलं नाही. पित्त असणार.

२२ जानेवारी, गुरुवार
आठला तालिब हजर. टेंपोत धुतलेली ताडपत्री, वर चादर. मोदकांचे डबे त्याने तान्ही बाळं उचलावीत तसे उचलले.
कमळ्या गर्तात उतरला, डोळे मिटले, पायाने चाचपलं आणि दोन मिनिटांत पायाच्या बोटांत नट धरून वर. "खेकडं ऱ्हाऊ द्या, सांजला नेतो. पन ह्ये तेलाचं पानी पिंपात काढा आधी, मास्तर. खाली आमची लावनी चाललीय." मी मान खाली घालून बादली घेतली. तालिब थांबला.
तेवढ्या वेळात त्याने चोवीस लेबलं वाचली. मोठ्याने. एकही उच्चार चुकला नाही. मग गर्ताकडे पाहिलं. "सर, पस्तीस." टेंपोकडे वळताना, "ग्रेसचे धरून."
संध्या पुढे बसली. मी मागे, दोन्ही हात डब्यांवर. नऊ वीसला पोचलो. तीनशे एकपैकी एकाही मोदकाचं नाक मोडलं नाही. रस्ता पाहता हे माझ्या देखरेखीचं यश.
एक मोदक जादा होता. संध्याने तो तालिबला दिला.

१ फेब्रुवारी, रविवार
सोसायटीची संकष्टी संध्याला मिळाली. गॅरेज आता तिचं. गर्तावर फळ्या टाकल्या. बेंचवर पत्रा ठोकून उकड मळतात. ह्रस्वकीलात वेलची, वलयात जायफळ. 'प्रकीर्ण' तसाच. जागा विविधोपयोगी असावी ही माझी मूळ कल्पना होतीच. गाडी अंगणात आहे. चालते. ऑइल कोणी भरलं, ते इथे नोंदवण्याचं कारण नाही.
मला नारळ सोलायचं काम दिलंय. कोयत्याने सोलणं अशास्त्रीय. नारळ व्हाइसमध्ये धरला. दांडा फिरवला. खात्रीसाठी आणखी दोन वेढे.

दुपारी १२
नारळ निघत नाही. व्हाइस उघडत नाही.

१२.२०
संध्या खवणी घेऊन बसलीय. हातोडी 'प्रकीर्ण'मध्येही नाही. तालिबला फोन केला.
म्हणाला, "सर, सावलीत बसा. आलोच."