लाटण्याची रिले

चि. बेबीस ताईचे खूप खूप आशीर्वाद.

आठवतं का गं, आपल्या कॉन्व्हेंट शाळेतलं बॅटन सिस्टर कपाटात कुलपात ठेवायच्या, म्हणून आपण आईचं लाटणं घेऊन व्हरांड्यात रिलेचा सराव करायचो? शर्यतीच्या दिवशी तुझी बोटं सवयीने लाटण्याचं निमुळतं टोक शोधत राहिली आणि ते गुळगुळीत बॅटन निसटलं. तू मागे वळून ते उचललंस आणि रेषेपर्यंत धावलीस. बाबा सगळ्यांना सांगत सुटले, "आमची बेबी शेवटून पहिली आली!"

तेच मी माझ्या खेळाडू मुलींच्या मालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकात लिहिलं. संपादक म्हणाले, "बाई, तिला जिंकवा, नाहीतर मालिका इथेच थांबवू." मी म्हटलं, "आधी मुलांना वाचून दाखवते."

इथल्या एका शाळेत वाचलं. बॅटन पडलं तशी एक चिमुरडी बाकावर चढून ओरडली, "अगं, उचल की!" मग सगळा वर्गच ओरडायला लागला. मागे बसलेले संपादकसुद्धा अर्धे उठले होते! त्यांनी एक शब्दही न बदलता पुस्तक छापलं, आणि मालिकेसाठी आणखी तीन पुस्तकं मागितलीत.

मी मजेत आहे, जिना चढताना जरा दम लागतो इतकंच. तुझा गुडघा कसा आहे?

सोबत तीन प्रती आहेत. एक तुझ्या नातीला. एक आईला, दिसत नसेल तर लाटण्याचं पान तिला मोठ्याने वाचून दाखव. तिसरी तुझी, ती कुणाला देऊन टाकू नकोस. पहिल्याच पानावर छापलंय, ‘शेवटून पहिल्या आलेल्या माझ्या बहिणीला.’

तुझीच,
ताई