डाव्या पायाची चप्पल

दादा,

"कापा पाय," असं डॉक्टरीणबाईंना सांगून तू मोकळा झालास, वर खाटेखालची माझी डावी चप्पल कचऱ्यात टाकलीस. "आता कशाला लागते तुला?"

मी कापू दिला नाही. मग बाईंनी पायाच्या सडलेल्या जखमेवर माशीच्या अळ्या ठेवल्या, औषधासाठीच स्वच्छ वाढवलेल्या, जाळीच्या पिशवीत. तू नाक दाबून पळालास. अरे, त्या सडकं तेवढंच खातात, आणि त्यांच्या लाळेत जंतू मारायचं औषध असतं. वळवळल्या की मी शिव्या घालायचे. तरी त्या राहिल्या, तू नाही.

आता जखमेत ताजं लालबुंद मांस भरलंय. हे पत्र पोस्टात टाकणार नाही. चालत येऊन तुझ्या दारात वाचून दाखवीन. डावी चप्पल आणून ठेव. उजवी घालून येतेय.

तुझी दोन पायांची,
धाकटी